‘चालू कंडिशन’ म्हणजे नेमकं काय? जुन्या वस्तूंच्या जाहिराती वाचताना

एप्रिल लागला की सोलापुरातल्या जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींत कूलरची रांग लागते. नमुन्यादाखल एक जाहिरात घेऊ. ‘५५ लिटर कूलर, दोनच सीझन वापरलेला, चालू कंडिशन, बदली झाल्याने विकणे आहे, जुळे सोलापूर. फिक्स रेट.’ समजा, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. बदली खरंच झाली आहे, कूलर दोनच उन्हाळे वापरलाय, स्विच दाबला की पंखा फिरतो. तरी घरी आणून पाणी भरलं की अर्ध्या तासात फरशीवर तळं साचतं, कारण पत्र्याची टाकी तळाला गंजलीय आणि भोकावर एमसील थापलंय. दोन उन्हाळ्यांत पत्रा गंजतो कसा? पहिला सीझन संपल्यावर टाकीतलं पाणी न काढताच कूलर गच्चीवर पावसात पडून होता, म्हणून. हे जाहिरातीत नाही. खोटं काहीच लिहिलेलं नाही, फक्त खरं अर्धंच लिहिलंय.

ऑनलाइन जुनी वस्तू घेताना फसवणूक म्हटलं की आपल्याला आठवतो तो ‘मी आर्मीत आहे, पोस्टिंग झालंय, गाडी पार्सलने पाठवतो’ म्हणणारा भामटा. ती सरळ गुन्हेगारी झाली, तिच्याबद्दल पुढे थोडक्यात येईलच. पण रोज घडणारा प्रकार याहून मवाळ असतो. माणूस खरा, पत्ता खरा, वस्तूही खरी, आणि वर्णन मात्र सोयीपुरतं. नुकसान बहुतेक वेळा जाहिरातीत लिहिलेल्या गोष्टीत नसतं, गाळलेल्या गोष्टीत असतं. त्यामुळे गाळलेलं काय ते ओळखणं आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून ते लेखी वदवून घेणं, हेच खरं काम. त्यामागे कायद्याचं एक जुनं आणि फार शहाणपणाचं तत्त्व आहे. ते कळलं की बाकीचं आपोआप सुचत जातं.

कायद्यातला घोडा

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक कशाला म्हणायचं ते सांगितलंय आणि समजावून द्यायला घोड्याची उदाहरणं घेतली आहेत. पहिलं उदाहरण असं: एक माणूस आपला घोडा लिलावात दुसऱ्याला विकतो. घोड्यात खोट आहे हे मालकाला ठाऊक आहे, पण तो त्याबद्दल काहीच बोलत नाही. ही फसवणूक होते का? कायदा म्हणतो, नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे.

वाचणाऱ्याला हे खटकतं, पण लगेच पुढचं उदाहरण येतं. घेणारी त्या माणसाचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग नात्यामुळेच बापावर खरं सांगायची जबाबदारी येते. आणि त्यानंतरचं उदाहरण आपल्या सगळ्यात कामाचं. घेणारा मालकाला म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन.’ मालक गप्प राहतो. इथे मात्र त्याचं गप्प बसणं म्हणजे बोलल्यासारखंच आहे, असं कायदा मानतो.

घोडा तोच, खोट तीच, मालकाचं मौनही तेच. फरक पडला तो घेणाऱ्याच्या एका वाक्याने.

याला जोडूनच कलम १९ येतं. फसवून किंवा चुकीची माहिती देऊन करार झाला असेल, तर फसलेल्या माणसाला तो रद्द ठरवता येतो. पण त्याला एक अपवाद आहे. समोरच्याने नुसती माहिती दडवली असेल किंवा नकळत चुकीचं सांगितलं असेल, आणि साधी काळजी घेऊन तुम्हाला खरं शोधता आलं असतं, तर करार रद्द करायचा हक्क राहत नाही. म्हणजे टाकी उलटी करून बघायची सोय होती आणि तुम्ही बघितली नाही, तर ‘त्याने सांगितलंच नाही’ ही तक्रार लंगडी पडते. या अपवादात जाणूनबुजून उच्चारलेलं खोटं मात्र येत नाही. ‘टाकी गळते का?’ असं तुम्ही विचारलंत आणि माहीत असून समोरचा ‘नाही’ म्हणाला, तर तुमची बाजू एकदम भक्कम होते. विचारलेल्या प्रश्नाची किंमत इतकी आहे.

दुसरा कायदा १९३० चा, वस्तू विक्रीचा. त्याच्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. विकणारा दुकानदार असो की शेजारच्या गल्लीतला गृहस्थ, हा नियम दोघांनाही लागू. पण वस्तू चांगल्या दर्जाची निघेल अशी हमी कलम १६ प्रमाणे आपोआप गृहीत धरली जाते ती त्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडूनच, घरगुती विक्रेत्याकडून नाही. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. ‘एक नंबर माल’, ‘मख्खन चालते’, ‘शोरूम कंडिशन’ या कौतुकाने कोणीच बांधला जात नाही. ‘सागवानी’, ‘२०१९ ची’, ‘कॉम्प्रेसर ओरिजिनल’ या ठोस गोष्टींनी मात्र तो बांधला जातो. म्हणून जाहिरातीत विशेषणं भरपूर आणि ठोस माहिती कमी असेल, तर विक्रेत्याने स्वतःला कुठेच अडकवून घेतलेलं नाही असं समजायचं.

सगळेच लबाड असतात असंही नाही, हे सांगायला हवं. सासऱ्यांनी ‘सागवानी’ म्हणून दिलेला पलंग जावई त्याच शब्दात विकतो. ड्रॉवर बाहेर काढून तळ आणि कडा बघितल्या तर आत भुसा दाबून केलेली फळी आणि वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला दिसतो, पण जावयाने तो ड्रॉवर कधी उलटा केलेलाच नसतो. ‘टीक’ आणि ‘टीक फिनिश’ यातला फरकही कित्येक विक्रेत्यांच्या गावी नसतो.

वस्तूगणिक बदलणारं अर्धसत्य

प्रत्येक वस्तूची स्वतःची एक ठरलेली पळवाट असते. लॅपटॉपची बघू, कारण कॉलेजच्या पोरांना सगळ्यात जास्त इथेच फटका बसतो. ‘आय-फाइव्ह, ८ जीबी, ५१२ एसएसडी, मुलीने कॉलेजला वापरलेला.’ आय-फाइव्ह हे चिपच्या वर्गाचं नाव आहे, त्यावरून वय कळत नाही. वय कळतं पुढच्या आकड्यावरून. आय-फाइव्ह ४३०० ही चौथ्या पिढीची चिप, २०१३ सालची, आणि ८२५० ही आठव्या पिढीची, २०१७ ची. दोन्ही जाहिरातींत ‘आय-फाइव्ह’ एवढंच असतं, किंमतही कधीकधी सारखीच. हा फरक नुसत्या वेगापुरता नाही. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या चिपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ‘विंडोज ११ टाकून दिलंय’ असं चौथ्या पिढीच्या लॅपटॉपबद्दल कोणी सांगत असेल तर तपासणी चुकवून ते बसवलंय आणि पुढची अपडेट मिळतीलच याचा भरवसा नाही.

शिवाय ‘मुलीने वापरलेला’ म्हणून विकले जाणारे कितीतरी लॅपटॉप मोठ्या कंपन्यांनी लॉटने काढून टाकलेले असतात. त्यात तसं गैर काही नाही, उलट त्यांची बांधणी मजबूत असते. पण काहींवर जुन्या कंपनीचं कुलूप तसंच राहिलेलं असतं. रिसेट मारला, इंटरनेट जोडलं की कंपनीचा ईमेल मागतो आणि तिथेच अडतो. म्हणून विक्रेत्यासमोरच रिसेट करून, वायफाय जोडून पुढे जातोय का ते बघायचं. बॅटरीसाठी विंडोजमध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मोकळी जागा, स्लॅश बॅटरीरिपोर्ट ही आज्ञा इंग्रजीत दिली की एक अहवाल तयार होतो. बॅटरीची मूळ क्षमता किती होती आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर किती भरते, हे दोन आकडे त्यात शेजारी शेजारी दिसतात. ‘बॅकअप चांगला आहे’ या वाक्यापेक्षा ते दोन आकडे बरे.

एसीची पळवाट म्हणजे तारे. ‘फाइव्ह स्टार’ लिहिलेलं खोटं नसतं, पण कोणत्या सालचे पाच तारे? एसीचे निकष जानेवारी २०१८ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२२ मध्ये कडक झाले. २०२२ च्या बदलात आधीचा पाच ताऱ्यांचा एसी साधारण एका ताऱ्याने खाली आला. ताऱ्यांच्या लेबलवरच त्याची मुदत छापलेली असते. विक्रेत्याला त्या लेबलचा जवळून फोटो मागा. एवढा फोटो द्यायला कोणी टाळाटाळ केली तर त्यातूनही काय ते कळतं.

वॉशिंग मशिन आणि गीझरला सोलापुरात एक खास प्रश्न विचारावा लागतो, जो दुसऱ्या गावच्या माणसाला सुचणार नाही: ‘नळाचं पाणी वापरत होता की बोअरचं?’ इथे नळाला रोज पाणी नसतं, मधल्या दिवसांत घरोघरी बोअर चालतो, आणि बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर आणि मशिनच्या आतल्या भागांवर क्षाराचे पांढरे थर चढतात. तीन वर्षं बोअरवर चाललेलं मशिन आणि तीन वर्षं नळाच्या, म्हणजे उजनी धरणाच्या, पाण्यावर चाललेलं मशिन कागदावर एकाच वयाचं, प्रत्यक्षात नाही.

मोबाइलबाबत वर्णनाइतकाच मालकीचा प्रश्न असतो. ‘बिल हरवलं, बॉक्स नाही’ हे खरंही असू शकतं, पण फोन चोरीचा असला तर तुम्ही मोजलेल्या पैशाने तो तुमचा होत नाही. मालकी नसलेल्या माणसाला मालकी देता येत नाही, हा त्याच १९३० च्या कायद्याचा नियम. बघायला गेलात की स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, स्क्रीनवर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, येईल. १४४२२ या नंबरवर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत केवायएम, मग मोकळी जागा आणि तो आयएमईआय असा एसएमएस केला की फोनचं मॉडेल आणि तो ब्लॅकलिस्टमध्ये आहे का ते कळतं. दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरही हीच सोय आहे. तिथे दिसणारं मॉडेल हातातल्या फोनशी जुळत नसेल तर सरळ उठून यावं.

दुचाकी-चारचाकीच्या जाहिरातीत ‘फर्स्ट ओनर’, ‘२०१८ मॉडेल’, ‘फक्त १२ हजार किलोमीटर’ आणि ‘पेपर क्लिअर’ ही चार विधानं हमखास असतात. त्यातली तीन घरबसल्या तपासता येतात. एम-परिवहन अॅपमध्ये एमएच-१३ पासून पूर्ण नंबर टाकला की गाडी कितव्या मालकाकडे आहे, नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. ई-चलान वेगळं तपासावं लागतं. आरसीवर बनावटीचा महिना आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते. डिसेंबर २०१६ ला बनून २०१७ मध्ये पासिंग झालेली गाडी ‘२०१७ मॉडेल’ म्हणून विकली जाते, ती अशी. बोजा दिसत असेल तर ‘लोन संपलंय हो, फक्त एनओसी आणायची राहिलीय’ या वाक्यावर पैसे देऊ नका. बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच पुढचं बोला. चौथं विधान किलोमीटरचं. मीटर मागे फिरवता येतो, टायर मात्र बोलतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३५१९ असेल तर टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. गाडी २०१८ ची, चाललीय म्हणे बारा हजार, आणि चारही टायर २०२३ चे? मग बारा हजारांत टायर का बदलावे लागले, एवढंच विचारायचं.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण सोलापुरात चादर-टॉवेलच्या जोडीने गणवेश आणि रेडिमेड कपड्यांचा मोठा धंदा आहे आणि जुन्या शिलाई मशिनचा बाजार त्यावर चालतो. जाहिरात अशी: ‘जुकी मशिन, सर्वो मोटर, टेबल-स्टँडसह, रनिंग.’ पूर्व भागातली एखादी ताई घरी कारखान्याचे पीस शिवायला हे मशिन बघायला गेली, तर तिने काय करावं? पहिलं म्हणजे स्विच चालू करून पायडलला पाय न लावता नुसतं उभं राहावं. क्लच मोटर असेल तर ती पाय लावला नाही तरी घरघरत फिरतच राहते आणि वीज खात राहते. सर्वो पायडल दाबेपर्यंत गप्प असते. जाहिरातीतला एक शब्द इथे दहा सेकंदांत खरा-खोटा होतो. मग हेडवरची नावाची पट्टी बघावी, मॉडेल नंबर कोरलेला आहे की वर नुसता स्टिकर चिकटवलाय. कारण कधीकधी हेड एका कंपनीचं, नाव दुसरीचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कापड आपलं न्यावं. विक्रेता दाखवायला जे कापड ठेवतो त्यावर टाका छानच पडतो. तिने रोज शिवायचं तेच गणवेशाचं जाड कापड नेऊन आधी दोन पदर, मग चार पदर शिवावेत, शिवण उलटसुलट दोन्ही बाजूंनी बघावी, खालचा दोरा सैल पडतो का, चार पदरांच्या जोडावर टाका सुटतो का ते तपासावं. टेबलाखालच्या तेलाच्या ट्रेत काळा चिखल आहे की तेल, तेही वाकून बघावं. एवढं केल्यावर ‘रनिंग’ या शब्दाला काहीतरी अर्थ येतो.

विचारायचं कसं

फोनवर बोलण्यापेक्षा मेसेजवर विचारा. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. आणि ‘काही प्रॉब्लेम नाही ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर जगात सगळीकडे ‘नाही’ असंच येतं. ‘आतापर्यंत काय काय दुरुस्त केलंय?’ असं विचारा. संवाद साधारण असा होतो:

‘काका नमस्कार, वॉशिंग मशिन आहे का अजून? कधी घेतलेलं?’
‘आहे की. २०२१ चं हाय.’
‘दुरुस्तीला कधी दिलेलं का? पीसीबी, मोटर, ड्रम?’
‘नाही हो. किरकोळ काम झालंय एकदा.’
‘किरकोळ म्हणजे काय केलं तेवढं सांगता का?’
‘पीसीबी बदललाय. आता मस्त चालतंय, बघून जावा.’

दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर पीसीबी, म्हणजे मशिनचा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, ‘किरकोळ’ मध्येच गाडला गेला असता. आता शेवटचा मेसेज, म्हणजे १८७२ च्या घोड्याचं वाक्य, जसंच्या तसं वापरायचं: ‘ठीक आहे काका. म्हणजे मी असं धरून चालतो, मशिन २०२१ चं, पीसीबी एकदा बदललाय, मोटर-ड्रमला हात लावलेला नाही, स्पिनला आवाज नाही, गळती नाही. यात काही चुकत असेल तर सांगा, नाहीतर संध्याकाळी बघायला येतो.’ काकांना यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण स्पिनला खरंच आवाज येत असेल, तर याच क्षणी त्यांना ठरवावं लागतं की सांगायचं, गप्प बसायचं की खोटं लिहायचं. बरेच जण इथे खरं सांगून दोन पैसे कमी करतात, असा माझा अनुभव आहे. तोंडावर खोटं बोलणं सोपं असतं, लिहून देणं अवघड जातं.

फोटोंबाबत एक खूण लक्षात ठेवा: कोणती बाजू दिसत नाही? समोरून पाच फोटो आणि मागून एकही नाही, तर मागचाच मागा. फोटो कंपनीच्या जाहिरातीतला वाटला तर गूगल लेन्सवर टाका, तोच फोटो तीन गावांत तीन किमतींना निघाला तर कळेलच. नाहीतर वस्तू चालू करतानाचा ताजा व्हिडिओ मागा.

बघायला दिवसाउजेडी जा. गाडी बघायची असेल तर ‘मी येईपर्यंत चालू करू नका’ असं आधीच सांगा, थंड इंजिन पहिल्या दमात कसं उठतं आणि धूर कोणता सोडतं ते गरम इंजिनवर कळत नाही. फ्रिजचं उलटं. तो सकाळपासून चालू ठेवायला सांगा, तरच बर्फ धरतो का ते दिसेल. आपला ओळखीचा मिस्त्री सोबत नेता आला तर त्याची मजुरी वाचवू नका. ‘दुसरं गिऱ्हाईक निघालंय, टोकन टाका’ हा दबाव आला की निवांत व्हा. न बघता टोकन देण्यासारखी कोणतीही जुनी वस्तू या गावात नाही. तुम्ही विकणारे असाल तर एवढंच पक्कं ठेवा की पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. तसं सांगणारा माणूस गिऱ्हाईक नसतो.

व्यवहार ठरला की अर्ध्या पानावर पावती करा. तारीख, दोघांची नावं, वस्तू, सिरियल नंबर, रक्कम, वर ठरलेली चार-पाच विधानं आणि दोघांच्या सह्या. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. पावतीला कोणी ‘एवढं कशाला’ म्हणतोच. ‘घरात हिशोब द्यावा लागतो’ म्हणायचं आणि लिहायला बसायचं.

फसल्यावर

पहिल्याच दिवशी दोष दिसला तर वापर थांबवा, व्हिडिओ काढा आणि लगेच मेसेज करा. हे ‘लगेच’ फार महत्त्वाचं आहे. वस्तू ठेवून घेतली, वाजवी मुदतीत नाकारली नाही, तर ती तुम्ही स्वीकारली असं धरलं जातं, मग परत करायचा हक्क जाऊन फक्त भरपाईपुरतं बोलता येतं. स्वतः दुरुस्ती करून मग भांडायला गेलात तर मूळ दोष दाखवायला काही उरत नाही. मेसेजमध्ये शिव्या नकोत. अमुक तारखेला तुम्ही हे लिहिलं होतं, आज हे निघालं, एकतर पैसे परत द्या किंवा इतके कमी करा, असे दोन रस्ते द्या. जाहिरात काढून टाकली जाते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट खरेदीआधीच घेतलेला असावा. चॅट डिलीट करू नका आणि तो फोनही विकू नका. पुढे डिजिटल पुरावा द्यायची वेळ आली तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्याला मूळ साधन जवळ असलेलं बरं.

समोरचा ऐकत नसेल तर पुढची वाट तो कोण आहे यावर ठरते. एकाच नंबरवरून दहा फ्रिज आणि सहा एसी विकायला असतील तर तो ‘बदली झालेला’ गृहस्थ नाही, व्यापारी आहे. त्याच्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वापरता येतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार द्या, नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. विक्रेता पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्या सोलापुरातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. वर सांगितलेल्या शिलाई मशिनवाल्या ताईलाही हा दरवाजा उघडा आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला सहसा हे संरक्षण नसतं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा धंद्यासाठी घेतलेली धरत नाही. वीस मशिनचा कारखाना टाकणाऱ्याला ही सवलत मिळणार नाही.

विकणारा खरोखरच घरगुती असेल तर ग्राहक आयोगाची वाट जवळजवळ बंद होते. ई-कॉमर्सचे २०२० चे नियमसुद्धा नियमित धंदा न करणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत. मग उरतं दिवाणी न्यायालय, आणि चार हजारांच्या मशिनसाठी तिथे जाणं कोणालाच परवडत नाही. त्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तडजोडीसाठी अर्ज करता येतो. तिथून बोलावणं आलं की ताठर माणूसही बोलायला बसण्याची शक्यता वाढते. पोलिसांकडे गेलात तर पुष्कळदा ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकायला मिळतं, आणि ते नेहमीच चुकीचं नसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधल्या फसवणुकीला सुरुवातीपासूनचा बेइमान हेतू लागतो. खोटी ओळख, चोरीचा माल, पैसे घेऊन फोन बंद, असे प्रकार मात्र सरळ गुन्हे आहेत. त्यात ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, मग बाकीचं. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी कळवलं तर ते गोठवता येण्याची आशा असते.

जाहिरात चालवणाऱ्या संकेतस्थळाकडून पैसे परत मिळतील अशी अपेक्षा धरू नका. दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने त्याला बरंच संरक्षण दिलंय. पण तक्रार निवारण अधिकारी नेमणं त्याला बंधनकारक आहे, आणि २०२१ च्या नियमांनुसार तक्रारीची पोच चोवीस तासांत व निकाल ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. तक्रारीतला खोटा प्रोफाइल निदान बंद होईल.

एक गोष्ट मात्र रागाच्या भरात करू नका. विक्रेत्याचा फोटो, नंबर आणि ‘चोर आहे, सावध राहा’ असा मेसेज गल्लीच्या, भावकीच्या, शाळेच्या ग्रुपवर टाकायचा मोह होतो. बदनामी हाही गुन्हा आहे, आणि गळक्या टाकीचा पुरावा तुमच्याकडे असला तरी चोरीचा नसतो. त्याने मग तोच स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाणं गाठलं, तर उत्तरं देत बसायची पाळी तुमच्यावर येते.